घंटामामा काय म्हणाले होते

आमच्या शाळेच्या जुन्या मुख्याध्यापिका, मोठ्या सिस्टर, गेल्या त्याला महिना झाला, तेव्हा शाळेने त्यांच्या आठवणींची सभा ठरवली. रविवारची मिस्सा आटोपली की सगळ्यांनी चर्चमधून सरळ शाळेच्या सभागृहात यायचं, असा बेत होता. बोलणाऱ्यांच्या यादीत माझं नाव पहिलं होतं आणि ते मला न विचारताच घातलेलं होतं. नव्या मुख्याध्यापिका बाईंनी शुक्रवारी मधल्या सुट्टीत मला ऑफिसात बोलावलं आणि टाइप केलेला एक कागद पुढे केला. पहिलीचा वर्ग सांभाळून तुम्हाला लिहायला कुठे वेळ मिळणार, म्हणून मीच चार ओळी काढून ठेवल्यात, तुम्ही फक्त वाचायचं, असं त्या म्हणाल्या. नव्या बाईंचं हे 'फक्त' आम्हा सगळ्या शिक्षिकांच्या चांगलंच ओळखीचं झालं होतं. त्यांनी 'फक्त' म्हटलं की दोन दिवसांचं काम गळ्यात पडलंच म्हणून समजावं.

चार ओळी म्हणजे चांगलं दीड पान होतं. दुसऱ्या परिच्छेदात लिहिलं होतं: 'त्या भयंकर दिवशी शाळेचे शिपाई घंटामामा यांनी बंद दाराबाहेरून ओरडून सांगितले, सिस्टर, दार उघडू नका, मुलांना वाचवा.'

घंटामामा म्हणजे माझे बाबा. आणि ते असं म्हणाले नव्हते.

त्यांना घंटामामा का म्हणायचे हे वेगळं सांगायला नको. शाळेची घंटा तेच द्यायचे. फाटक उघडायचे, वर्गातले फळे पुसायचे, कुणी वर्गात ओकलं तर राख टाकून साफ करायचे, आणि पहिलीत रडत येणाऱ्या पोरांना खांद्यावर बसवून पूर्ण आवार फिरवून आणायचे. त्यांची मुलगी म्हणून मला पोरं घंटी म्हणायची. मी चिडायचे, पण मनातून आवडायचं. अख्ख्या शाळेत वडील सोबत असलेली मी एकटीच.

शाळा बैठी होती. चार वर्ग, ऑफिस, आणि अंगणाच्या पलीकडे सभागृह. मागे सिस्टर लोकांचा कॉन्व्हेंट. मोठ्या सिस्टर उंच होत्या, पायात पुरुषी बूट घालायच्या आणि त्यांच्या झग्याच्या खिशात कायम खडूचे तुकडे असायचे. कुठल्या पोराच्या घरी कोण आजारी आहे, कोण सकाळी काही न खाता आलंय, हे त्यांना हजेरी घेता घेता कळायचं. मग त्या पोराला काहीतरी निमित्त काढून कॉन्व्हेंटच्या स्वयंपाकघरात पाठवायच्या. महिन्यातल्या एका शनिवारी आईबाप शाळेत यायचे. कुणी बाकांचे खिळे ठोकायचं, कुणी भिंतींना रंग द्यायचं. एका पोराचे वडील न्हावी होते, ते पायऱ्यांवर बसून ओळीने सगळ्यांचे केस कापायचे, त्यामुळे त्या आठवड्यात सगळी शाळा एकाच तोंडवळ्याची दिसायची. सभागृहाच्या स्टेजचा लाल मखमली पडदा आयांनी मिळून शिवला होता, त्यात माझी आईही होती. सुट्टीच्या दिवशी मोठ्या सिस्टर शिक्षकांशी कॅरम खेळायच्या आणि चक्क लबाडी करायच्या. पकडल्या गेल्या की म्हणायच्या, माझं कन्फेशन उद्याच आहे, काळजी करू नका.

हे सगळं खरं आहे. हेही सांगायचंच होतं मला.

ते घडलं तेव्हा मी चौथीत होते, नऊ वर्षांची. स्नेहसंमेलन जवळ आलं होतं म्हणून चारही वर्ग, दोनशे बारा मुलं, गाण्याच्या तालमीसाठी सभागृहात उभी होती. सकाळचे अकरा वाजले असतील. आधी वास आला. लघवीचा असतो तसा, पण नाकात सुई खुपसल्यासारखा. माझ्या शेजारी एक गुबगुबीत मुलगा होता, त्याला आम्ही भोपळा म्हणायचो, अंगाने तसा होता म्हणून आणि गणितात भोपळाच मिळायचा म्हणूनही. सगळ्यांनी त्याच्याकडेच बघितलं. तो रडवेला होऊन म्हणाला, मी नाही, देवाशपथ मी नाही. मग समोरच्या गल्लीतल्या बर्फाच्या कारखान्याचा भोंगा वाजला आणि थांबेचना.

बाबा धावत आत आले. कारखान्यातली नळी फुटली, अमोनिया सुटलाय, गल्लीत माणसं पडताहेत, एवढं ते धापा टाकत म्हणाले. मोठ्या सिस्टरांनी एक प्रश्न विचारला नाही. शिक्षिकांना खिडक्या लावायला सांगितल्या. स्टेजवर चढून स्वतःच्या हाताने तो मखमली पडदा ओढून खाली पाडला आणि पिण्याच्या पाण्याच्या पिंपात बुडवला. मग बाबांकडे वळून म्हणाल्या, चारही वर्ग आणि संडास बघून या, कुणी पोर मागे राहिलंय का. बाबांनी एकदा गर्दीत नजर फिरवली, मी दिसले, हात किंचित वर केला आणि ते गेले.

ते गेल्यानंतरच्या सात-आठ मिनिटांत अंगण पांढरं झालं. खिडकीच्या काचेतून मी बघत होते. धुकं जमिनीलगत सरकत आलं आणि कट्टा, नळ, झेंड्याचा खांब एकेक करून त्यात गेले. सिस्टरांनी दाराची कडी घातली, वर अडसर लावला. ओला पडदा फाडून दाराच्या फटींत, खिडक्यांच्या फटींत कोंबला. लहान मुलांना स्टेजवर, दारापासून सगळ्यात लांब बसवलं आणि प्रत्येकाच्या तोंडावर ओला रुमाल नाहीतर फ्रॉकचा घेर धरायला लावला. डोळे चुरचुरत होते, पण श्वास घेता येत होता.

मग दार वाजलं.

पहिल्यांदा हळू, शिपाई वाजवतो तसं अदबीने. मग जोरात. बाबांचा आवाज आला, "सिस्टर, उघडा. मी आहे."

मी रांग सोडून दाराकडे धावले. कडीपर्यंत माझा हात पोचत होता. कडी माझ्या बोटांना लागलीही. तेवढ्यात सिस्टरांनी माझं मनगट धरलं. दुसरा तळहात त्यांनी दारावर ठेवला, जणू दार तोलून धरलंय, आणि फटीशी तोंड नेऊन विचारलं, "बरोबर कुणी मूल आहे का?"

बाहेर थोडा वेळ फक्त खोकला ऐकू आला.

"नाही," बाबा म्हणाले. "सगळे आत आहेत."

"मग शर्ट भिजवून तोंडाला बांधा आणि मागच्या हौदात उतरा. गळ्यापर्यंत. मी उघडू शकत नाही."

"सिस्टर, माझी पोर आत आहे. उघडा ना. मला जमत नाहीये श्वास घ्यायला."

त्यानंतर त्यांनी मला हाक मारली, माझ्या घरच्या नावाने, शाळेतल्या नाही. मी ओरडले असणार, मला आठवत नाही. आठवतं ते मनगट. सिस्टरांची बोटं किती हाडकुळी होती आणि त्यातून हात अजिबात सुटत नव्हता. दार वाजत राहिलं. स्टेजवरची लहान मुलं रडायला लागली. तेव्हा सिस्टर माझा हात न सोडता वळल्या आणि म्हणाल्या, गाणं सुरू करा, मोठ्याने. गाण्याच्या बाईंनी हाताने ताल धरला आणि दोनशे अकरा मुलं गायला लागली. गाण्याच्या खालून ते वाजणं बराच वेळ येत होतं. मग आलं नाही.

अडीच तासांनी अग्निशामक दलाची माणसं मुखवटे घालून आली. सभागृहातल्या एकाही मुलाला काही झालं नाही. बाबा हौदात सापडले, शर्ट डोक्याभोवती गुंडाळलेला, अर्धवट शुद्धीत. दोन महिने ते इस्पितळात होते. वाचले, पण आवाज गेला, कायमचा फुसफुसा झाला. ऊन डोळ्यांना सहन होईना. दहा पावलं चालली की भिंत धरून उभं राहायचं. घंटा दुसरं कुणी द्यायला लागलं. आम्ही घरात त्यांच्या श्वासाकडे कान लावून जगायला शिकलो.

'दार उघडू नका' हे वाक्य आमच्या त्या वेळच्या फादरांचं. दुसऱ्याच रविवारी त्यांनी प्रवचनात सांगितलं. कुठून आणलं कुणास ठाऊक. बहुधा त्यांनाही तसंच घडलं असावं असं वाटलं. लोक चर्चमध्ये रडले. आईला धरून बायका म्हणाल्या, तुझा नवरा देवमाणूस आहे. मी पुढच्या बाकावर बसले होते. मी म्हणाले असते, असं नव्हतं झालं, तर नऊ वर्षांच्या मुलीचं कोण ऐकणार होतं? आणि ऐकलं असतं तर मग काय झालं असतं? तेही कळण्याइतकी मी मोठी झाले होते. मी गप्प बसले. एकदा गप्प बसलं की पुढे बोलायला जागाच उरत नाही, प्रत्येक वर्षी ती आणखी कमी होते. स्नेहसंमेलनात ते वाक्य आलं, शाळेच्या पंचवीस वर्षांच्या स्मरणिकेत आलं, नाटुकल्यात एका मुलाने बाबांच्या टोपीसारखी टोपी घालून ते म्हटलं. तो मुलगा छान म्हणाला होता. बाबांनी टाळ्या वाजवल्या.

मोठ्या सिस्टर दर गुरुवारी शाळा सुटली की आमच्या घरी यायच्या. बाबांना वर्तमानपत्र वाचून दाखवायच्या, कारण अक्षरं त्यांना धूसर दिसायची. दोघं राजकारणावरून वाद घालायचे, एक फुसफुशा आवाजात आणि एक शाळेच्या मैदानावर बोलल्यासारखी. हसायचेही. मी चहा नेऊन ठेवायचे आणि आतल्या खोलीत जाऊन बसायचे. पंधरा वर्षं त्या येत राहिल्या. बाबांच्या शेवटच्या आजारातही रोज आल्या. गल्लीत सगळे म्हणायचे, अशी बाई होणे नाही. मलाही ते दिसत होतं. डोळे होते ना मला.

मला नकाशे काढायला आवडायचं. जमीन मोजणाऱ्या खात्यात भरती होती, परीक्षेचा अर्ज मी भरून ठेवला होता. नोकरी लांबच्या गावांत, तंबूत राहायची. त्याच महिन्यात मोठ्या सिस्टर घरी येऊन म्हणाल्या, पहिलीच्या बाई निवृत्त होताहेत, तो वर्ग तुझाच आहे. आईने त्यांचे हात हातात घेतले. शेजारीण पेढे मिळाल्यासारखी आनंदली. बाबांना सोडून मी लांब जाऊ शकत नव्हते, आणि त्या बाईला नाही म्हणायला आमच्या घरात कुणाकडे शब्दच नव्हता. अर्ज मी पेटीत ठेवला. कुणी मला कोंडलं नाही. सगळ्यांनी माझं भलंच केलं.

पण नोकरीचा कागद घ्यायला ऑफिसात गेले तेव्हा मी विचारलं. तेरा वर्षांत पहिल्यांदा.

"सिस्टर, बाबा दार उघडू नका असं म्हणाले नव्हते."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "नाही," त्या म्हणाल्या. "उघडा म्हणाले होते. मी ऐकलं."

"मग तुम्ही फादरांना सांगितलं का नाही?"

"सांगायला हवं होतं." त्या खिडकीकडे बघत राहिल्या. "पण त्या वाक्याशिवाय लोकांना आमच्या दोघांकडे एकदम मानाने बघता आलं नसतं. कुणीतरी एकच निवडावं लागलं असतं. मला वाटलं, तुझ्या बाबांना माझ्यापेक्षा लोकांची जास्त गरज पडेल."

मी विचारलं, परत तसं झालं तर उघडाल का. त्या नाही म्हणाल्या. वेळ न घेता म्हणाल्या. मग त्यांनी माझ्या सहीसाठी कागद पुढे सरकवला आणि मी सही केली.

त्या संध्याकाळी मी बाबांना सांगितलं की आज असं असं बोलणं झालं. त्यांना राग येईल असं वाटलं होतं. ते दम घेत घेत म्हणाले, "सिस्टरांच्या जागी मी असतो तर उघडलं असतं. म्हणून बरं झालं मी आत नव्हतो."  नंतर दोन वर्षांनी ते गेले.

अग्निशामक दलाच्या अधिकाऱ्याने तेव्हा म्हटलं होतं म्हणे, एक मिनिट जरी दार उघडलं असतं तरी काय झालं असतं सांगता येत नाही. या 'सांगता येत नाही'पाशी मी सत्तावीस वर्षं नोकरी केली. रोज सकाळी प्रार्थनेसाठी पोरांची रांग त्याच दारातून आत न्यायची. प्रार्थनेच्या वेळी मी ओठ हलवते, गात नाही. पोरांना ते ठाऊक आहे, त्यांना वाटतं बाईंचा आवाज वाईट असेल. बाबा खोटं बोलले असते, हो, एक मूल आहे बरोबर, असं नुसतं म्हणाले असते, तर दार उघडलं असतं. हे माझ्या मनात किती वेळा आलं असेल, त्याला गणती नाही. मग स्टेजवर बसलेली ती पहिलीची पोरं डोळ्यांपुढे येतात. त्यातल्या दोघा-तिघांची पोरं माझ्या वर्गातून शिकून गेली आहेत. तिथून पुढे विचार जात नाही, माघारीही येत नाही.

शुक्रवारी तो कागद घेऊन घरी आले. शनिवारी आरशासमोर दोनदा वाचून बघितला. दोन्ही वेळा दुसरा परिच्छेद गाळून पुढे गेले. एक गोष्ट तेव्हा लक्षात आली. दार बंद ठेवलं तेव्हा मोठ्या सिस्टर एकोणपन्नास वर्षांच्या होत्या. मी आता तेवढीच आहे.

रविवारी सभागृह भरलं होतं. मागे लोक उभे होते. माझी आई पुढच्या खुर्चीत, ऐंशी पार केलेली, कानाचं यंत्र लावून. नव्या बाईंनी माझी ओळख करून दिली, आपल्या लाडक्या घंटामामांची कन्या. टाळ्या झाल्या. मी पहिला परिच्छेद वाचला, त्यात शाळेचं वर्णन होतं. मग कागद घडी करून टेबलावर ठेवला.

मी सांगितलं ते असं. मोठ्या सिस्टर कॅरममध्ये लबाडी करायच्या, ते सांगितलं, लोक हसले. केस कापण्याचे शनिवार सांगितले. मग म्हटलं, त्या दिवशी माझे बाबा, दार उघडू नका, असं म्हणाले नाहीत. उघडा म्हणाले. माझी पोर आत आहे म्हणाले. पुष्कळ वेळ वाजवलं. सिस्टरांनी विचारलं, बरोबर मूल आहे का, आणि ते खरं बोलले. सिस्टरांनी उघडलं नाही. माझं मनगट त्यांच्या हातात होतं. त्यानंतर पंधरा वर्षं त्या दर गुरुवारी आमच्या घरी आल्या. आपण इथे बसलोय ते या सगळ्यामुळे. बाबा भित्रे नव्हते, पण ते मरायलाही तयार नव्हते, त्यांना आत यायचं होतं. एवढंच मला सांगायचं होतं.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. नव्या बाईंच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं होतं, काढून ठेवायचं विसरल्यासारखं. मागून एक वयस्क गृहस्थ उठून बाहेर गेले. मी माइकपाशी उभीच. 

मग तिसऱ्या रांगेतून भोपळा उठला. आता तो बस चालवतो, अंगाने अजून तसाच. त्याने काही क्षण टोपी हातात फिरवली.

"मी ऐकलं होतं," तो म्हणाला. "मामा ओरडत होते ते. मी घंटीच्या शेजारी उभा होतो. मला ऐकू येऊ नये म्हणून मी मुद्दाम जोरात गायलो. फादर दुसरंच सांगायला लागले तेव्हा मला वाटलं, मलाच भास झाला असेल. चाळीस वर्षं झाली. बायकोलासुद्धा सांगितलं नाही."

तो बसला आणि त्याने तोंड टोपीत लपवलं. मग भिंतीकडेची एक बाई म्हणाली, मी पण. ती त्या दिवशी स्टेजवर होती, सहा वर्षांची. मग आणखी एक. कुणी उभं राहिलं, कुणी बसल्या जागेवरून नुसता हात वर केला, वर्गात करतात तसा. मी मोजलं नाही, मी रडत होते. इतकी वर्षं मला वाटत होतं की सिस्टर सोडल्या तर त्या सभागृहात ते ऐकणारी मी एकटीच होते.

सभा पुढे झाली तशी झाली. शेवटी नव्या बाई माझ्याजवळ आल्या. त्या रागावतील असं वाटलं होतं, पण त्या फक्त दमलेल्या दिसत होत्या. म्हणाल्या, मोठ्या सिस्टरांवरची स्मरणिका छापून झालीय हो, पाचशे प्रती, आणि त्यात तेच वाक्य आहे. मी म्हटलं, असू दे. त्या म्हणाल्या, बघू, एक चिठ्ठी आत घालता येईल, मजकूर तुम्ही द्याल का. मी विचार करते म्हटलं. अजून दिलेला नाही.

 घरी येऊन चपला काढताना आई म्हणाली, मला बाबांनी इस्पितळातच सांगितलं होतं, तू लहान होतीस म्हणून तुझ्यासमोर कधी विषय काढला नाही.  आम्ही दोघी एकाच घरात, एकमेकींना जपत, चाळीस वर्षं तेच गिळून बसलो होतो. मला हसावं की रडावं कळेना. आईने भात टाकायला सांगितला.

मोठ्या सिस्टरांना मी माफ केलं का, असं भोपळ्याने नंतर फोनवर विचारलं. मी खरं ते सांगितलं, मला माहीत नाही. जमीन मोजायला आता मी जाणार नाही, ते वय गेलं. शाळा सोडावी का, हाही विचार येऊन गेला.

सोमवारी मी वर्गात गेले. वजाबाकी चालू आहे, पोरांना हातचा घेणं काही केल्या जमत नाही. पुढच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, बाई, आजी म्हणाली तुम्ही काल रडलात. मी हो म्हटलं. तिने विचारलं, का? मी म्हटलं, मोठी गोष्ट आहे, सांगेन एकदा, आता वही काढ. तिने वही काढली, पण पान उलटताना माझ्याकडे बघतच राहिली.